जुनी स्प्लेंडर चालता चालता बंद पडते?
लगेच कार्बोरेटर खोलू नका. गाडी बंद पडली की तिथेच टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी लागली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल उतरत नाही.

नाहीतर प्लग काढा. कोरडा असेल तर कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून बाटली धरा. सलग धार हवी. थेंब थेंब म्हणजे कॉक (टाकीखालची पेट्रोलची चावी) नाहीतर फिल्टर तुंबलाय. प्लग ओला असेल तर करंट बघा. आधी सांडलेलं पेट्रोल पुसा, हे विसरतातच! प्लग कॅपला लावून इंजिनाला टेकवा, किक मारा आणि ठिणगी पडते का बघा. प्लगच्या टोकांमधला गॅप ०.६ ते ०.७ मिमी. ठिणगी फक्त इंजिन तापल्यावर जात असेल, तर संशय पल्सर कॉइलवर, म्हणजे ठिणगी कधी पडायची याचा इशारा देणाऱ्या इंजिनातल्या कॉइलवर.