मला रॅपची गोडी यमकामुळे लागली

तुम्ही विचारलंय की हिप हॉपची आवड पहिल्यांदा कशी लागली, आणि खाली लिहिलंय की रॅप म्हणजे तुम्हाला नुसती फास्ट बडबड वाटते. मलाही अगदी तसंच वाटायचं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२००४ ची दिवाळी, मी अकरावीत, साताऱ्याला. माझा मामेभाऊ, आमचा दादा, ठाण्याहून यायचा तेव्हा एमपीथ्रीच्या सीड्या घेऊन यायचा, एकेकीत शंभर-दीडशे गाणी, बहुतेक हिंदी रिमिक्स आणि मधेच अमेरिकन रॅपर एमिनेमचं 'लूज युवरसेल्फ'. दादा ते मोठ्याने लावायचा आणि आज्जी स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण रे एवढा चिडलाय?" मला एक शब्द कळत नव्हता. मग दादा सायबर कॅफेत जाऊन त्याचे लिरिक्स प्रिंट करून घेऊन आला आणि तो कागद हातात आल्यावर मला एकदम आमच्या मराठीच्या बाई आठवल्या.

बाई मोरोपंतांच्या आर्या शिकवायच्या, १२ मात्रा मग १८ मात्रा असं बोटांवर मोजायला लावायच्या आणि यमक लाल पेनाने अधोरेखित करायला सांगायच्या. मी सहज म्हणून त्या प्रिंटवर तेच करायला घेतलं. आधी फक्त ओळीच्या शेवटचे शब्द बघितले तर फार काही सापडलं नाही, मग मोठ्याने वाचून बघितलं आणि लक्षात आलं की हा माणूस शब्द जुळवतच नाहीये, स्वर जुळवतोय, तेच दोन स्वर ओळीच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी, पुढच्या ओळीत परत, आणि वर त्यातून गोष्टही सांगतोय. पहिलं कडवं संपेपर्यंत पान लालभडक झालं होतं. त्या दुपारपासून मी फॅन आहे. (पुढे २०१० च्या एका मुलाखतीत एमिनेम म्हणाला की ऑरेंजला यमक नाही म्हणतात ते चूक आहे, आणि डोअर हिंज, स्टोरेज, पॉरिज असे शब्द थोडे वाकवून तिथल्या तिथे जुळवून दाखवले. बाईंना दाखवायला हवं होतं ते.)

ठेका कळायला अजून वेळ गेला. आमच्याकडे दर गुरुवारी भजन, त्यामुळे टाळी समेवर, म्हणजे पहिल्या ठोक्याला, द्यायची सवय, आणि इथे स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) वाजतो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला. महिनाभर माझी टाळी चुकत होती, मग एके दिवशी बसली आणि ते शब्द ज्यावर तोलून धरलेत ते ऐकू यायला लागलं.

मग वाटलं की एवढे शब्द बसवायला ही जागा आली कुठून? ती आली ११ ऑगस्ट १९७३ ला, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक ॲव्हेन्यू नावाच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवीन कपड्यांसाठी पैसे हवे होते म्हणून तिने पार्टी ठेवली, मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट, आणि रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. त्याने बघितलं होतं की गाण्यातले गायक थांबून फक्त ड्रम वाजतात तेव्हा पोरं सगळ्यात जास्त नाचतात, पण तो तुकडा काही सेकंदांचाच. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या दोन टर्नटेबलवर ठेवायचा, एकीवर तुकडा वाजतोय तोवर दुसरी मागे फिरवायची, असं करत तो तुकडा हवा तेवढा लांबवायचा, आणि त्या लांबलेल्या ठेक्यावर शब्दांना जागा मिळाली. मला यातली सिंडी फार आवडते, तिचं नाव लोक पटकन विसरतात.

मराठीतलं म्हणाल तर सगळे म्हणतात पोवाडा म्हणजे आपला रॅप, मला ते पटत नाही, पोवाड्याला सांगायला एक मोठी कथा लागते. जवळचा नातेवाईक शोधायचाच तर कलगी-तुरा, म्हणजे शाहिरांच्या दोन गटांचा सामना, समोरच्याला कोड्यात पकडायचं आणि त्याने तिथेच उत्तर द्यायचं. २०१९ मध्ये मी गोरेगावला राहत होते तेव्हा स्वदेसी या मुंबईच्या रॅप ग्रुपचं 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं आलं, त्यात आरेच्या जंगलातल्या केलटीपाड्याच्या प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं रात्रीतून तोडली गेली, त्या आठवड्यात मी दुसरं काही ऐकलंच नाही. हे ऐकताना प्रिंट काढायची गरज पडली नाही, माणसं आणि जंगल दोन्ही माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होती.

अमरावतीचा रॅपर '१०० आरबीएच' पण ऐका. त्याचं नाव सौरभ, त्यातला सौ म्हणजे हिंदीतले शंभर, आणि पुढे रभची इंग्रजी अक्षरं. बाई म्हणाल्या असत्या हा श्लेष.

तुम्ही एक करा, एकच गाणं घ्या, लिरिक्स समोर ठेवा, पेन घ्या आणि सारखे आवाज अधोरेखित करत तीनदा ऐका. हेडफोन लावूनच, मोबाइलच्या स्पीकरवर बेस येतच नाही.