भिवापुरी मिरचीचं अंडं

प्रश्न : आमच्याकडे आठ गावरान कोंबड्या आहेत. होळीपर्यंत रोज तीन-चार अंडी मिळत होती. आता दुपारी खुराड्यात डोकावलं की नुसता ओला डाग आणि टरफलाचे तुकडे. एकीला चोच मारताना डोळ्यांनी पाहिलं. सासूबाई म्हणतात, अंड्यात तिखट भरून ठेव. शेजारचे काका म्हणतात, चोच डागा. काय करू? (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर : ताई, चोच डागायचं मनातून काढा. चोचीला जीव असतो, आणि चोच दुखली की कोंबडी दाणा टिपणंही सोडते.

तिखटाचा प्रयोग मी स्वतः केलेला आहे. भिवापुरी मिरचीची पूड, तीही घरी कुटलेली, अंड्याला भोक पाडून ठासून भरली आणि पिठानं तोंड बंद केलं. आमची लंगडी आली, फोडलं, सगळं खाल्लं आणि चोच तणशीला पुसून आणखी शोधू लागली. जाऊबाई ओसरीवरून म्हणाल्या, "आता हिले भाकर वाढ वं, नुसतं कोरड्यास कशी खाईन!" पुढे कळलं, पाखरांना मिरची झोंबतच नाही. पोपट मिरची कुरतडतो ते पाहत आलो, पण डोक्यात प्रकाश पडला नव्हता. एक अंडं आणि मूठभर मिरची गेली.

खरी गोम उन्हाळ्यात आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते, दाणा कमी खाते. टरफल असतं कॅल्शियम कार्बोनेटचं. कॅल्शियम खाण्यातून येतं ते घटतं, आणि धापांसोबत कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहिल्यानं कार्बोनेटचीही तूट येते. मग टरफल पातळ. असं अंडं पायाखाली आपोआप फुटतं, बलक जिभेला लागतो आणि एकीचं पाहून दुसरी शिकते. म्हणजे चोरी मागून येते, आधी अंडं फुटतं.

म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, दाण्यात मिसळू नका. जिला गरज ती खाते. संध्याकाळी वाटी भरलेली असू द्या, कारण टरफल बहुतेक रात्रीच बनतं. शिंपले नसतील तर घरातली टरफलं तव्यावर भाजून अगदी बारीक कुटा. अख्खे तुकडे टाकलेत तर तुम्हीच चटक लावाल. पानाचा चुना मात्र चुकूनही नको, तो पोळतो. नुसत्या ज्वारीवर आणि शिळ्या भातावर अंगात ताकद राहत नाही. घरचं सोयाबीन भाजून, भरडून थोडं द्या. कच्चं त्यांना पचत नाही. आमच्याकडे पोट्टे धुऱ्यावरून वाळवी आणून टाकतात, त्यावर तर उड्या पडतात.

अंडी घालायची जागा कशी आहे, ते तुम्ही लिहिलं नाही. मी संत्र्याच्या जुन्या पेट्या आडव्या ठेवल्या, फूटभर रुंद, चार कोंबड्यांना एक. आत चांगली वीतभर तणीस, पुढे बारदान्याचा पडदा. अंधारात अंडं दिसत नाही, मग चोचही जात नाही. तेलाचा पिपा कापून करू नका, उन्हात त्याची भट्टी होते. पाण्याचं भांडं सावलीत, दुपारी बदललेलं. आणि अंडी दुपारपर्यंत ठेवायची कशाला? बहुतेक कोंबड्या सकाळीच घालतात. नवाला एक फेरी, अकराला दुसरी.

नाल्यातला अंड्याएवढा गुळगुळीत गोटा पांढरा रंगवून पेटीत ठेवा. दोन दिवस ठोकतात, काही हाती लागत नाही, मग नाद सोडतात. मिरचीपेक्षा हे स्वस्त.

एवढं करूनही पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर दुपारी एकेकीची चोच पाहा. जिच्या चोचीला वाळलेला पिवळा बलक दिसेल, तिला आठवडाभर वेगळ्या डाल्याखाली ठेवा, आत तो गोटा टाका. लंगडी अशीच सुधारली. दुसरी एक होती, काळी, ती काही केल्या सुधारली नाही. आखाडात पाहुणे आले, तेव्हा तिचाच रस्सा झाला.