११५५ सॉकेटचा कुठलाही मदरबोर्ड जुन्या आय५-३४७० ला चालेल का?

नाही. "सॉकेट जुळलं की झालं" असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांच्याशी माझं वर्षानुवर्षं भांडण आहे. त्या एका वाक्यामुळे चांगले बोर्ड आणि चांगले प्रोसेसर भंगारात गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही दिलेली माहिती अशी: २०१२ चा डेस्कटॉप, आय५-३४७० प्रोसेसर, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम. पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही, आणि बोर्ड उडाला असं निदान झालं आहे. त्या जागी ११५५ चा कुठलाही बोर्ड चालेल का, की अख्खा पीसीच बदलावा, हा प्रश्न.

सॉकेट म्हणजे फक्त बसण्याची जागा. त्या जागेत बसणाऱ्या प्रोसेसरला बोर्ड ओळखतो की नाही, हे चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) आणि बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डातच साठवलेला प्रोग्रॅम) ठरवतात. ११५५ वर इंटेलच्या दोन पिढ्या आल्या. २०११ ची सँडी ब्रिज, म्हणजे दोन हजारांच्या आकड्यांचे प्रोसेसर (आय३-२१००, आय५-२४०० वगैरे), आणि २०१२ ची आयव्ही ब्रिज, म्हणजे तीन हजारांचे. तुमचा ३४७० दुसऱ्या गटातला. पहिल्या पिढीबरोबर आलेले चिपसेट एच६१, एच६७, पी६७, झेड६८, बी६५, क्यू६५, क्यू६७. दुसरीबरोबर आलेले बी७५, एच७७, झेड७५, झेड७७, क्यू७५, क्यू७७.

साताने सुरू होणारे सगळे चिपसेट तुमच्या प्रोसेसरला मुळातच धरून बनलेले आहेत. सहाने सुरू होणाऱ्यांत दोन तट आहेत. एच६१, एच६७, पी६७ आणि झेड६८ वर ३४७० चालू शकतो, पण कंपनीने तसा बायोस काढलेला असेल आणि तो बोर्डात भरलेला असेल तरच. बी६५, क्यू६५ आणि क्यू६७ वर इंटेलने आयव्ही ब्रिजला अधिकृत पाठबळ दिलंच नाही. नेमके हेच बोर्ड ऑफिसांतून निघालेल्या जुन्या पीसींतून सुटे होऊन विकायला येतात, आणि "११५५ आहे, चालेल" म्हणून गळ्यात मारले जातात. ते घेऊ नका.

आता एच६१. ३४७० बसवलेला एक एच६१ बोर्ड दोनदा "डेड" म्हणून परत केला गेला होता. लक्षणं तुमच्यासारखीच: पंखे फिरतात, स्क्रीन काळी, बीप नाही. रॅम बदलून झाली, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलून झाला. शेवटी त्यात सँडी ब्रिजचा साधा पेंटियम जी६२० बसवला आणि पहिल्याच झटक्यात डिस्प्ले आला. बायोसची तारीख २०११ ची होती. ३४७० बाजारात यायच्या आधीचा बायोस त्याला ओळखणार कसा? प्रोसेसर चालू करायला लागणारा कोडच त्यात नसतो, मग रॅम तपासणं किंवा बीप देणं दूरच राहिलं. जी६२० वरच बायोस अपडेट केला, प्रोसेसर परत बदलला, आणि तो "डेड" बोर्ड ३४७० वर व्यवस्थित चालू लागला.

या अपडेटमध्ये एक खाच आहे. सँडी ब्रिजच्या काळातल्या बोर्डांत इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन फर्मवेअर (चिपसेटमधल्या छोट्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम) सातव्या आवृत्तीचं असतं, आयव्ही ब्रिजसाठी ते आठव्या आवृत्तीचं लागतं. काही बोर्डांवर हे एका फाइलमध्ये होत नाही. आधी मधली एक बायोस आवृत्ती, मग मॅनेजमेंट इंजिनचं अपडेट, मग शेवटची आवृत्ती, असा क्रम पाळावा लागतो. बोर्डाच्या पानावर प्रत्येक बायोसखाली दिलेली सूचना वाचल्याशिवाय सगळ्यात नवी फाइल भरू नका. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड खरोखरच मरतो, म्हणून यूपीएस हवाच.

हाताशी सँडी ब्रिज प्रोसेसर नसेल तर बायोसची चिप प्रोग्रॅमर नावाच्या छोट्या उपकरणाने लिहिता येते. आठ पायांची फ्लॅश चिप असते. काही बोर्डांवर ती सॉकेटमध्ये असते, सरळ उपसून काढता येते. बाकीच्यांवर डाग दिलेली असते, तिथे क्लिप लावावी लागते. लिहिण्याआधी जुना मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का ते पाहा. जुळल्या नाहीत तर क्लिप नीट बसलेली नाही, आणि त्या अवस्थेत लिहायला जाऊ नका. जुनी प्रत जपून ठेवा, काही बोर्डांत लॅनचा मॅक पत्ताही (नेटवर्कवरची बोर्डाची ओळख) त्याच चिपमध्ये असतो.

एवढा खटाटोप नको असेल तर सरळ बी७५ शोधा. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी हाच बोर्ड. आयव्ही ब्रिज मुळातच चालतो, चिपसेटमध्येच यूएसबी ३.० आहे आणि डिस्क जोडायचं ६ गिगाबिटचं एक साटा पोर्ट आहे, जे एच६१ मध्ये नाही. एसएसडी त्याच पोर्टला लावा. ते कुठलं हे मॅन्युअलमध्ये पाहा, रंगावर विसंबू नका, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. जुनं पीसीआय कार्ड वापरात असेल तर बी७५ मध्ये त्याची सोय चिपसेटमध्येच आहे. एच७७ आणि झेड७७ मध्ये ती नाही, तिथे बोर्ड बनवणाऱ्याने वेगळी चिप घातली असेल तरच तो स्लॉट मिळतो. झेड७७ वर जादा खर्च करू नका. ३४७० हा 'के' प्रकारातला नाही, ओव्हरक्लॉकिंगसाठी (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्यासाठी) घेतलेल्या त्या बोर्डाचा तुम्हाला फारसा उपयोग नाही.

बोर्ड पसंत पडला की त्याच्या कंपनीची प्रोसेसर यादी उघडा आणि आय५-३४७० ची ओळ शोधा. तिथे "अमुक बायोसपासून पुढे" असा रकाना असतो, तो आकडा लिहून घ्या. मग विकणाऱ्याला बायोसच्या स्क्रीनचा फोटो मागा. त्याचबरोबर बोर्डाच्या कडेला छापलेला रिव्हिजन आकडा पाहा. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनच्या याद्या आणि बायोस फाइली वेगळ्या असू शकतात. एकीची फाइल दुसरीत भरली की खेळ संपला.

पैसे देण्याआधी आणखी एक फोटो मागा: प्रोसेसर काढलेल्या सॉकेटचा, वरून आणि तिरक्या उजेडात. या बोर्डांत पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. सगळ्या एकाच दिशेने चमकायला हव्यात. एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे. वाकलेल्या पिनेने बोर्ड बंदच पडतो असं नाही. कधी रॅमचा एकच स्लॉट चालत नाही, कधी ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट मुका राहतो, आणि विकणारा "चालू बोर्ड" म्हणतो ते अर्धं खरंही असतं. सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण नसताना पाठवलेला बोर्ड मी परतच करेन.

ब्रँडेड तयार पीसीतून काढलेले बोर्डही टाळा, चिपसेट बरोबर असला तरी. त्यांतल्या पुष्कळांना २४ पिनांचा नेहमीचा पॉवर कनेक्टर नसतो, पुढच्या पॅनेलच्या पिनांची रचना वेगळी असते, आणि पंख्याचा किंवा पॅनेलचा ठरावीक सेन्सर सापडला नाही की दर वेळी चालू होताना एरर देऊन थांबतात. उलट तुमचा पीसीच ब्रँडेड असेल तर साधा बोर्ड त्या कॅबिनेटमध्ये बसेलच असं नाही. मग त्याच मॉडेलचा, त्याच पार्ट नंबरचा बोर्ड शोधा, नाहीतर कॅबिनेट आणि एसएमपीएस दोन्ही बदलायची तयारी ठेवा.

एवढं सगळं लिहिलं, पण तुमचा बोर्ड खरंच गेला आहे का? "पंखे फिरतात, डिस्प्ले नाही" एवढ्यावर तो निकाल देता येत नाही. बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम ठेवा. ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, पुढच्या यूएसबीच्या वायरी सगळं काढा, मॉनिटर बोर्डाच्याच पोर्टला लावा, ३४७० मध्ये अंगचं ग्राफिक्स आहे. बोर्डावरच्या स्पीकरच्या पिनांना छोटा स्पीकर जोडा. आता ती एक रॅमही काढून चालू करा. रॅम नसल्याची बीप आली तर प्रोसेसर आणि बायोस दोन्ही जिवंत आहेत, दोष रॅममध्ये किंवा तिच्या स्लॉटमध्ये शोधायचा. बीप आलीच नाही तर सीमॉस सेल (बायोसच्या सेटिंग जपणारा बोर्डावरचा चपटा सेल) काढा, वीज तोडून दहा मिनिटं थांबा आणि नवा सीआर२०३२ घालून परत बघा. प्रोसेसरशेजारचे कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेत का, तेही पाहा.

एसएमपीएस मल्टीमीटरने तपासा. प्लग लावलेला, पीसी बंद, अशा अवस्थेत जांभळ्या वायरीवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. पीसी चालू करून पिवळीवर ११.४ ते १२.६. करडी वायर म्हणजे "वीज ठीक आहे" हा संकेत, चालू झाल्यावर क्षणात तिच्यावर पाचच्या आसपास यायला हवं. तिथे काहीच येत नसेल तर बोर्ड प्रोसेसरला उठवतच नाही, पंखे मात्र खुशाल फिरत राहतात. हिरवी आणि काळी जोडून एसएमपीएस नुसता फिरवून दाखवणं ही अपुरी चाचणी आहे, कारण भार नसताना म्हातारा एसएमपीएसही आकडे बरोबर दाखवतो. शक्य असेल तर दुसरा चांगला एसएमपीएस लावूनच खात्री करा. प्रोसेसरजवळचा चार पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर लावायचा राहिला तरी हीच लक्षणं दिसतात.

बसवताना कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (ज्यांवर बोर्ड टेकतो ते खुंट) नव्या बोर्डाच्या भोकांशी जुळवून घ्या. भोक नाही तिथला स्टँडऑफ तसाच राहिला तर तो बोर्डाच्या खालून शॉर्ट करतो. मायक्रो-एटीएक्स बोर्ड जास्तीत जास्त २४४ बाय २४४ मिलिमीटर असतो, पण स्वस्त बोर्ड रुंदीला कमी असतात आणि त्यांची उजवी कड अधांतरी राहते. तिथे रॅम दाबताना खालून हाताचा आधार द्या. मागची पत्र्याची आय-ओ पट्टी बोर्डाबरोबरच मागून घ्या, नंतर सुटी मिळत नाही.

नव्याने बनवलेले, अनोळखी नावांचे ११५५ चे बोर्डही दिसतील. त्यांवरचे चिपसेट बहुधा जुन्या बोर्डांवरून काढून लावलेले असतात, आणि बायोस अपडेट सहसा कधीच येत नाही. काम चालून जातं, पण माझी पसंती मूळ कंपनीच्या वापरलेल्या बोर्डालाच.

अख्खा पीसी बदलावा का, याचं उत्तर विंडोजवर अवलंबून आहे. विंडोज १० चं मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर नाहीत. बँकेचे व्यवहार त्याच पीसीवर होत असतील तर लिनक्स टाका किंवा नवा घ्या. टायपिंग, हिशेब, जुना प्रिंटर यांसाठी ३४७० आणि एसएसडी अजून पुरेसे आहेत. पीसीबरोबर आलेला विंडोज परवाना जुन्या बोर्डाशी बांधलेला असतो, तो नव्यावर चालू होईलच असं धरू नका. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा.

बोर्ड बसल्यावर पहिल्यांदा विंडोज सुरू करण्याआधी बायोसमध्ये जाऊन साटा मोड जुन्या बोर्डावर होता तोच ठेवा, बहुधा एएचसीआय. आयडीईवर राहिला तर ७बी क्रमांकाची निळी स्क्रीन येते, आणि लोक नव्या बोर्डालाच खराब ठरवतात.