माफीनामा लिहून देण्याआधी

वकील म्हणून माझ्याकडे चोरीच्या गुन्ह्यांबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात, त्यातले बरेचसे व्हॉट्सॲपवरच्या अर्धवट माहितीतून. म्हणून काहींची उत्तरं इथे एकत्र देते. कागद न बघता दिलेली ही उत्तरं आहेत. एफआयआरची प्रत घेऊन फौजदारी वकिलाला भेटायचं आहेच.

एफआयआरमध्ये कलम ३०३ आहे. शेजारचे काका म्हणतात चोरीचं कलम ३७९. पोलीस चुकले का? (कुर्ला)

नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात चोरीचं कलम ३०३. ३७९ जुन्या भारतीय दंड संहितेतलं, त्याआधीच्या घटनांना.

पाच हजारांखालची चोरी आता गुन्हाच नाही, असा मेसेज आलाय. भावाने साडेतीन हजारांचं घड्याळ उचललं. (भांडुप)

गुन्हा आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्याने कलम वाचलेलं नाही. किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला आरोपी आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली, हे तिन्ही जमलं तर समाजसेवेची शिक्षा होते. पण तीही शिक्षाच, दोषी ठरल्यावरची. शिवाय ही सवलत फक्त साध्या चोरीला. राहत्या घरातून, माल ठेवण्याच्या इमारतीतून किंवा लोकल-बसमधून चोरी असेल तर कलम ३०५ लागतं, सात वर्षांपर्यंत कैद. घड्याळ कुठून उचललं ते तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि सगळं त्यावरच अडलंय. वकिलाला ते आधी सांगा.

रस्त्यावरून सेकंडहँड फोन सहा हजारांना घेतला. आता रेल्वे पोलिसांचा फोन आलाय. मी विकत घेतलाय, मग माझा काय गुन्हा? (डोंबिवली)

माल चोरीचा आहे हे माहीत असेल, किंवा तसं मानायला कारण असेल, तर कलम ३१७. नव्यात तीस हजारांचा फोन बिलाशिवाय सहा हजारांत मिळणं हेच ते कारण ठरू शकतं. पैसे यूपीआयने दिले असतील तर ती नोंद आणि विक्रेत्याशी झालेले मेसेज जपा, काहीही डिलीट करू नका. पोलिसांकडे जाण्याआधी वकिलाशी बोला. पुढच्या वेळी घेण्याआधी आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा.

वकीलताई, आई पवईत घरकामाला जाते. तिथे सोन्याची चेन हरवली. मॅडम आणि सोसायटीच्या लोकांनी तिला दुपारपासून ऑफिसात बसवून ठेवलं. ‘माफी लिहून दे, पोलिसांत जात नाही’ म्हणाले. तिने घाबरून सही केली. दुसऱ्या दिवशी तक्रार झालीच. चेन आईने घेतलेली नाही. (विक्रोळी)

असा कागद माझ्या टेबलावर वारंवार येतो, नाव तेवढं बदलतं. लोकांना भीती चौकीतल्या कबुलीची वाटते. प्रत्यक्षात पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही (तिच्यातून माल सापडला तर तेवढ्यापुरती गोष्ट वेगळी). पण मॅडमना लिहून दिलेला माफीनामा पुराव्यात येऊ शकतो. ‘लिहून दे, मिटवून टाकू’ म्हणणाऱ्यांना हे बरोबर ठाऊक असतं.

धाक किंवा आमिष दाखवून घेतलेल्या कबुलीवर कोर्टात हरकत घेता येते, आणि ‘पोलिसांत जात नाही’ हे आमिषच आहे. पण ते दाखवावं लागेल. किती वाजता बसवलं, कोण कोण होतं, मजकूर कोणी सांगितला, हे आजच लिहून काढा. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज पुसलं जाण्याआधी ते जपून ठेवण्याची नोटीस वकिलाकडून पाठवा. तुम्ही तीन आठवड्यांनी लिहिताय. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. दुसरं, खासगी माणसाला कोणाला पकडायचं असेल तर असा गुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर घडावा लागतो, आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावं लागतं. नुसत्या संशयावरून बाईला कोंडून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

नोकराने केलेल्या चोरीला कलम ३०६, सात वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. म्हणून अटकपूर्व जामिनाचं आधी बघा. पैशांसाठी थांबू नका: महिलांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १५१०० वर फोन करा.

एक ओळखीचा माणूस म्हणतो, चाळीस हजार द्या, स्टेशनवरच मिटवतो. (लालबाग)

देऊ नका. एफआयआर स्टेशनवर मिटत नाही. साध्या चोरीत वस्तूच्या मालकाशी कायदेशीर तडजोड होते, पण कोर्टात. नोकराच्या चोरीत त्यासाठी कोर्टाची परवानगीही लागते. आणि ‘जामिनाची गॅरंटी’ देणारा वकील असेल, तर तिथूनही परत फिरा.

कलम ३५(३)ची नोटीस आलीय. जाऊ का? (बोरिवली)

ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली, पोलिसांसमोर हजर राहण्याची नोटीस. जा, दिलेल्या तारखेलाच. टाळलंत तर अटक होऊ शकते. आदल्या दिवशी वकिलाला नोटीस दाखवा, आणि हजर राहिल्याची लेखी पोच घ्या.