टाइमशेअर मेंबरशिप घ्यावी की तीन मित्रांनी मिळून लोणावळ्याला बंगला?

तुम्ही लिहिलंय की मॉलमध्ये कूपन भरलं, मग गिफ्ट लागलंय म्हणून फोन आला, आणि हॉटेलात बायको-मुलांसकट बसवून 25 वर्षांची टाइमशेअर मेंबरशिप, म्हणजे दरवर्षी त्यांच्या रिसॉर्टमध्ये सात रात्री राहायचा हक्क, साडेचार लाखाला सांगितली, वर्षाला 18,000 मेंटेनन्स अधिक जीएसटी, आणि इकडे दोन मित्र म्हणतायत त्यापेक्षा तिघांत बंगला घेऊ. माझं स्पष्ट मत, मेंबरशिप घेऊ नका. बंगला घ्या, पण आधी आपसात करार लिहा आणि मगच टोकन द्या.

आधी मेंबरशिपचा हिशोब बघा. 18,000 वर 18% जीएसटी धरला की 21,240. साडेचार लाख एफडीत 7% नी ठेवले तर वर्षाला 31,500 व्याज, टॅक्सचं तूर्त सोडा. दोन्ही मिळून 52,740, भागिले सात रात्री, म्हणजे रात्रीला साधारण साडेसात हजार. जेवण वेगळं, प्रवास वेगळा. एवढ्या पैशात वर्षातले बरेच दिवस चांगल्या हॉटेलात रूम मिळते, ती पण हव्या त्या गावात, आणि 25 वर्षांनी ते साडेचार लाख तुमचेच राहतात, मेंबरशिपमध्ये शेवटी हातात काहीच उरत नाही. शिवाय फी वाढत जाते, वर्षाला 7% नी वाढली तरी दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट, आणि ज्या वर्षी घरात आजारपण किंवा दहावी-बारावी असेल त्या वर्षीही ती भरावीच लागते.

मुलं शाळेत आहेत ना तुमची? मग सीझनचं नीट विचारा. स्वस्तात देतात ती मेंबरशिप बहुतेक वेळा ऑफ सीझनची असते आणि तुम्हाला सुट्टी मिळणार मे महिन्यात नाहीतर दिवाळीत, आणि वरच्या सीझनची घेतली तरी त्या आठवड्यांवर सगळ्याच मेंबरांचा डोळा असतो.

आणि त्या माणसाने ‘नाही वापरलं तर पैसे वाढून परत मिळतील’ असं काही सांगितलं असेल तर विषय तिथेच संपवा. पॅनकार्ड क्लब आठवतंय का? हॉटेलच्या रूम नाइट्स विकायचे, वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2016 मध्ये ही सामूहिक गुंतवणूक योजनाच आहे असं ठरवून 7,035 कोटी परत करायला सांगितले, गुंतवणूकदार 51 लाखांच्या वर. आपल्याकडच्या छोट्या छोट्या गावांतल्या लोकांनी ओळखीच्या एजंटवर विश्वास ठेवून पैसे घातले होते आणि ते वर्षानुवर्षं अडकून पडले, मला त्याचा आजही राग येतो.

युरोपियन युनियनमध्ये टाइमशेअरचा करार 14 दिवसांत कारण न देता रद्द करता येतो आणि तेवढ्या दिवसांत अॅडव्हान्स घ्यायलाही बंदी आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदाच नाही, त्यामुळे करारात रद्द करायची मुदत काय लिहिलीय तेच धरून चालावं लागतं. म्हणून ‘आजच साइन केलं तर डिस्काउंट’ला अजिबात भुलू नका, करार घरी आणून वाचायला मागा, नाही दिला तर तेच उत्तर समजा.

आता बंगला. मी स्वतः दापोलीकडे दोन कुटुंबांबरोबर असं घर घेतलेलं आहे आणि ते चाललंय ते कागदामुळे, मैत्री तर आधीपासून होतीच. खरेदीखतावर तिघांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा किती ते लिहून घ्या. प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का बघा, कारण शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय घेता येत नाही. मग वेगळा करार: मे आणि दिवाळीचे आठवडे आळीपाळीने, केअरटेकरचा पगार, लाइटबिल आणि पावसाळ्यानंतरच्या गळतीसाठी दरमहा एका खात्यात ठरलेली रक्कम, बाकीच्यांना विचारल्याशिवाय भाड्याने द्यायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणाला बाहेर पडायचं असेल तर आधी उरलेल्या दोघांना विचारायचं आणि किंमत कोण ठरवणार. हे लिहिलेलं नसेल तर एक जण आपला हिस्सा परक्याला विकू शकतो किंवा वाटणीचा दावा लावू शकतो, आणि बंगल्याचे तीन तुकडे होत नसले की 1893 च्या वाटणी कायद्याखाली कोर्ट तो विकायलाही लावू शकतं. उद्या कोणी गेलं तर तुमची गाठ त्याच्या वारसांशी आहे, हे बोलायला अवघड वाटतं पण बोला.

हल्ली अॅपवर गोव्यातल्या व्हिलाचा आठवा हिस्सा वगैरे विकतात, त्यात बहुतेक वेळा तुम्हाला कंपनीचे किंवा एलएलपीचे (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेचे) हिस्से मिळतात, घर थेट तुमच्या नावावर नसतं. इंडेक्स 2 वर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नाव कोणाचं आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि मेंबरशिपचे पैसे ऑलरेडी भरले असतील तर आजच रद्द करायचा ईमेल टाका, फोनवर बोलत बसू नका. दाद नाही मिळाली तर ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार करा, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत टाका.