'सोशल सिमँटिक वेब'ला मराठीत काय म्हणावे?

एका वाचकाने एक वाक्य पाठवून ते मराठीत चालेल का, असे विचारले आहे. वाक्य असे: 'सामाजिक जाल साधने व अर्थपूर्ण जाल तंत्रज्ञान यांच्या संयोगातून ऑनलाइन सहकार'. सोशल वेबची साधने आणि सिमँटिक वेबचे तंत्रज्ञान एकत्र वापरून अनेकांनी दूर दूर बसून एकच काम करायचे, असा मूळ विषय आहे. सोबत टॅग, फोक्सॉनॉमी आणि ऑन्टॉलॉजी यांनाही शब्द मागितले आहेत.

वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण माझ्या मते चालणार नाही. त्यातले तीन शब्द वाचकाला भलतीकडे नेतात: 'अर्थपूर्ण', 'सामाजिक' आणि 'सहकार'.

आधी 'अर्थपूर्ण' घेऊ. मराठीत हा शब्द प्रशस्तीचा आहे. अर्थपूर्ण कविता, अर्थपूर्ण चर्चा, अर्थपूर्ण मौन असे आपण म्हणतो. 'अर्थपूर्ण जाल' म्हटले की बाकीचे सगळे जाल निरर्थक ठरते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि त्यांचे सहलेखक जेम्स हेंडलर व ओरा लासिला यांनी मे २००१ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये ही कल्पना सर्वसामान्य वाचकांपुढे मांडली, तेव्हा त्यांचे म्हणणे वेगळेच होते. पानावरच्या मजकुरात अर्थ असतोच, पण तो माणसाला कळतो, यंत्राला नाही. 'जन्म: १४ मार्च १८७९' हे वाचून आपल्याला कोणाच्या तरी जन्माची तारीख समजते, यंत्रापुढे मात्र अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ असते. हा आकडा म्हणजे तारीख, ही तारीख जन्माची आणि तो जन्म अमक्या व्यक्तीचा, एवढे यंत्राला वापरता येईल अशा रीतीने माहितीला बांधून ठेवणे म्हणजे सिमँटिक वेब. यंत्राला 'समजते' असा दावा यात नाही. अर्थ माणसानेच जोडून दिलेला असतो.

'अर्थजाल' हा शब्दही काही लोक वापरतात. तो सुटसुटीत आहे, पण 'अर्थ' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अर्थसंकल्प, अर्थव्यवस्था, अर्थखाते उभे राहते आणि 'जाल' म्हटले की मायाजाल. दोन्ही मिळून पैशांच्या फसवणुकीचा वास येतो. संदर्भ दिला तर गैरसमज टळेल, पण शीर्षकात शब्दाला संदर्भ नसतो.

मला 'अर्थबद्ध' हा शब्द पटतो. सूत्रबद्ध, लिपिबद्ध, छंदोबद्ध, सूचिबद्ध ही त्याची भावंडे मराठीत रुळलेली आहेत, त्यामुळे नवा असूनही तो परका वाटत नाही. शिवाय तो काय घडते ते नेमके सांगतो: माहिती अर्थाला बांधली जाते. त्याच्यापुढे नामेही सहज जोडता येतात. अर्थबद्ध नोंद, अर्थबद्ध विकी, अर्थबद्ध शोध. 'सिमँटिक वेब' देवनागरीत तसाच लिहायलाही माझी हरकत नाही. लेखात एकदा दोन्ही शब्द शेजारी ठेवावेत आणि पुढे जो बसेल तो वापरावा.

या तंत्रज्ञानाच्या मुळाशी आरडीएफ नावाची रचना आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ मध्ये तिची शिफारस केली. तिच्यात प्रत्येक विधान तीन घटकांचे असते, त्याला 'त्रिक' म्हणावे. त्या तीन घटकांसाठी कर्ता-क्रियापद-कर्म किंवा उद्देश्य-विधेय हे शाळेतले शब्द वापरायचा मोह होतो. पण आपल्या व्याकरणात विधेयात कर्मही येते, आणि इथला मधला घटक म्हणजे फक्त दोन टोकांमधले नाते आहे. म्हणून 'विषय, संबंध, मूल्य' हे साधे शब्द बरे. 'वाराणसी – नदी – गंगा' हे एक त्रिक.

आता 'सोशल'. मराठीत 'सामाजिक'ला समाजहिताचा रंग आहे: सामाजिक कार्यकर्ता, सामाजिक न्याय, सामाजिक भान. 'सामाजिक जाल' म्हटल्यावर समाजकार्याची एखादी संघटना आठवते. 'समाजमाध्यम' हा शब्द छान रुजला आहे, पण तो गप्पांच्या आणि प्रसाराच्या ठिकाणांसाठी. इथे अभिप्रेत आहे ते विकी, सामायिक खूणपाने (बुकमार्क), फोटोंचे साठे, जिथे वापरणारेच माहिती भरतात, निवडतात आणि दुरुस्त करतात. त्यासाठी 'लोकसहभागी' हे विशेषण अधिक नेमके आहे.

'टॅग'ला हात लावू नये. 'टॅग लावला', 'टॅग काढला' हे सगळे म्हणतात. फोक्सॉनॉमी हा शब्द टॉमस वँडर वाल यांनी २००४ मध्ये 'फोक' आणि 'टॅक्सॉनॉमी' जोडून घडवला. डिलिशस (दुवे साठवण्याचे) आणि फ्लिकर (फोटोंचे) या संकेतस्थळांवर लोक आपापल्या मनाने टॅग लावत होते आणि त्यांतून वरून कोणी न ठरवलेले वर्गीकरण तयार होत होते. आपल्याकडे लोककथा, लोकगीत, लोकव्युत्पत्ती आहेत, त्यांच्या पंगतीत 'लोकवर्गीकरण' अगदी सहज बसते.

लोकवर्गीकरण कुठे अडते, हे मराठीत फार स्पष्ट दिसते. सामायिक साठ्यात अनेकांनी वडाचे फोटो टाकले असे धरा. टॅग पडतील: वड, वटवृक्ष, वडाचे झाड, वडाच्या पारंब्या, कोणी शास्त्रीय नाव म्हणून फायकस बेंगालेन्सिस. 'वड' शोधणाऱ्याला 'वटवृक्ष' सापडत नाही. उलट 'पान' शोधणाऱ्याला झाडाचे पानही मिळते आणि पुस्तकाचेही. एका गोष्टीची अनेक नावे आणि एका नावाच्या अनेक गोष्टी ही अडचण प्रत्येक भाषेत आहे, पण मराठीत तिच्यावर सामान्यरूपाची भर पडते. गंगा, गंगेच्या, गंगेत, गंगेकाठी या चार शब्दांत मूळ शब्द जसाच्या तसा फक्त एकदा आहे.

त्याहून बारीक अडचण डोळ्यांना दिसतही नाही. 'दऱ्या' हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात खाली टिंब असलेले 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखेच उमटतात, यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. मराठी टॅगांचा शोध अर्धवट का लागतो, असे विचारणाऱ्यांनी आधी इथे पाहावे. मजकुराचे काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे, असे मला फार मनापासून वाटते.

अर्थबद्ध रचना नेमकी इथे कामी येते. सिमँटिक मीडियाविकी ही विकिपीडियामागच्या मीडियाविकी प्रणालीला दिलेली अर्थबद्ध जोड, २००५ मध्ये सुरू झालेली. तिची एक ओळ बघा. साध्या विकीत वाराणसीच्या पानावर [[गंगा]] असा दुवा देतात. त्यातून एवढेच कळते, की या पानाचा त्या पानाशी काहीतरी संबंध आहे. अर्थबद्ध विकीत लिहितात: 'हे शहर [[नदी::गंगा|गंगेच्या]] काठी आहे.' दोन अपूर्णविरामांच्या जोडीआधी संबंध, नंतर मूल्य, आणि उभ्या रेघेनंतर वाचकाला दिसायचे रूप. सामान्यरूप वाचकासाठी, मूळ रूप यंत्रासाठी. मराठीला हवी ती सोय त्या एका उभ्या रेघेने होते, आणि लिहिणाऱ्याला वाक्य मोडावे लागत नाही. असे संबंध अनेकांनी अनेक पानांवर लिहिले, की 'गंगेकाठची सगळी शहरे दाखव' ही यादी कोणी हाताने न करता तयार होते.

विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाच्या सगळ्या भाषांना सामायिक असलेला माहितीसाठा, हे याच वाटेवरचे पुढचे पाऊल. २९ ऑक्टोबर २०१२ ला तो सुरू झाला. तिथे प्रत्येक गोष्टीला 'क्यू'ने सुरू होणारा क्रमांक असतो. क्यू २ म्हणजे पृथ्वी. मराठीत तिला धरती म्हणा, वसुंधरा म्हणा, धरित्री म्हणा, सगळी नावे त्या एका क्रमांकाखाली पर्यायी नावे म्हणून नोंदवता येतात, आणि दुसऱ्या भाषांतली नावेही तिथेच. त्याआधी प्रत्येक विकिपीडियाच्या प्रत्येक लेखात इतर भाषांतल्या लेखांची वेगळी यादी सांभाळावी लागे. जानेवारी २०१३ मध्ये हंगेरियन विकिपीडियापासून हे दुवे विकिडेटावर हलवायला सुरुवात झाली. २०१८ पासून तिथे संकल्पनांच्या बरोबरीने शब्दही नोंदवता येतात, म्हणजे एका शब्दाची सामान्यरूपे, वचने, लिंग असे सगळे. मराठीची आवड असणाऱ्यांनी करावे असे काम तिथे भरपूर आहे.

ऑन्टॉलॉजीचा प्रश्न जरा अवघड आहे. तत्त्वज्ञानात त्याला 'सत्ताशास्त्र' किंवा 'सत्तामीमांसा' म्हणतात, तिथे 'सत्ता' म्हणजे अस्तित्व. रोजच्या मराठीत मात्र सत्ता म्हणजे राज्य, अधिकार. संगणकात ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयात कोणत्या संकल्पना मानायच्या आणि त्यांची आपसांत नाती काय, याची उघड मांडणी. संगणकशास्त्रज्ञ टॉम ग्रुबर यांची १९९३ ची व्याख्या साधारण याच अर्थाची आहे, आणि पुढे लोकसहभागी व अर्थबद्ध जाल यांच्या भेटीवरही त्यांनी लिहिले. मी 'संकल्पना-आराखडा' सुचवतो. आराखडा बदलता येतो, त्यावर हरकत घेता येते, हा भाव त्यात आपोआप येतो.

तो भाव यावाच लागतो, कारण असे आराखडे चर्चेतूनच घडतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून घडवलेल्या नकाशावर कोणीही कोणताही टॅग लावू शकतो. तरी झाडासाठी सगळे 'नॅचरल = ट्री' असेच लिहितात, कारण वापरता वापरता ते ठरले आणि लिहून ठेवले गेले. विकिडेटावर एकाच गोष्टीबद्दल दोन परस्परविरोधी विधाने आपापल्या आधारासह शेजारी राहू शकतात. कोणते पसंतीचे आणि कोणते त्याज्य, हेही संपादकच नोंदवतात.

इथे मला आपल्या परंपरेतला एक शब्द सुचवावासा वाटतो: संकेत. अमुक शब्दाने अमुक अर्थ घ्यायचा, या ठरावाला न्यायशास्त्रात (भारतीय तर्कशास्त्रात) संकेत म्हणतात. 'सिमँटिक'चे मूळ ग्रीक 'सेमा', म्हणजे खूण. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाभ्यासकाने १८८३ मध्ये त्यावरून अर्थविचाराच्या शास्त्राला नाव दिले. संकेतातही खूण आहे, आणि वर लोकांनी मिळून ठरवलेले असण्याची जाणीवही. 'सांकेतिक जाल' म्हणता येणार नाही, कारण 'सांकेतिक' म्हणजे गुप्त लिपीतले असे वाटते. पण 'संकेतसूची' हा शब्द ओपनस्ट्रीटमॅपसारख्या ठिकाणच्या टॅगांच्या ठरलेल्या यादीसाठी फार चपखल आहे.

राहिला 'सहकार'. मराठीत तो संस्था आणि चळवळीचा शब्द झाला आहे. कोलॅबरेशनसाठी 'सहकार्य' चालेल, पण त्यातही मदतीचा सूर आहे: एकाचे काम, दुसऱ्याचे सहकार्य. सगळेच बरोबरीने करत असतील तर 'सहनिर्मिती', आणि मजकूर असेल तर 'सहलेखन', 'सहसंपादन'.

तर विचारणाऱ्या वाचकासाठी ते वाक्य मी असे लिहीन: 'लोकसहभागी साधने आणि अर्थबद्ध जालाचे (सिमँटिक वेबचे) तंत्रज्ञान एकत्र वापरून ऑनलाइन सहनिर्मिती'. शीर्षकासाठी हे लांब वाटले तर 'अर्थबद्ध सहनिर्मिती' एवढेही पुरेल, मात्र पहिल्या परिच्छेदात त्याची फोड करून सांगावी.