सिनेमातल्या महाकाय राक्षसाला जखमा भरून येण्याची शक्ती द्यावी की चिलखती कातडी?

चिलखती कातडी. तुमच्या पटकथेतला राक्षस सैन्यापुढे शेवटपर्यंत टिकायला हवा आणि दोन्हींपैकी एकच गोष्ट द्यायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझ्यापुरता हा प्रश्न कधीच निकालात निघालाय.

काही वर्षांपूर्वी मी आणि एका मित्राने 17 मिनिटांचा लघुपट केला. कथा-दिग्दर्शन त्याचं, राक्षसाचा सूट माझा. चार महिने मी नुसते पाठीचे खवले करत होतो. फोम कापायचा, हीट गनने कडा वळवायच्या, वर लॅटेक्सचा हात द्यायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा हात. कथेत तोफेचा गोळा डाव्या खांद्यामागचा एक खवला फोडतो आणि शेवटी नायिका नेमकी तीच जागा हेरते. म्हणून तो खवला मी दोनदा केला: एक धड, एक फुटलेला, आतलं लालसर मांस दिसणारा. सूटमधला मुलगा त्या प्रसंगानंतर डावा हात आखडून चालू लागला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

एडिटिंगच्या वेळी मित्राला वाटलं, राक्षस अजून भयानक हवा. त्याने कॉम्प्युटरवर जखमेतून हिरवा प्रकाश काढला आणि खवला पुन्हा जसाच्या तसा केला. मला हे कळलं थेट पहिल्या खेळाला. गोळा लागला तेव्हा लोक खुर्चीत पुढे सरकले होते. जखम भरली आणि त्यानंतरच्या एकाही माऱ्याला कुणी हललं नाही. नायिकेने खांद्यामागे नेम धरला तेव्हा तिथे धड खवला होता. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "तिथेच का मारतेय ती?" मित्र आजही म्हणतो की कातडी हा बारकावा आहे, तो कोण बघतंय.

1954 च्या गॉडझिलाची कातडी बघा मग. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली होती आणि एका जपानी मासेमारी बोटीवरचे खलाशी त्या किरणोत्सर्गात होरपळले होते. नोव्हेंबरात सिनेमा आला. त्या राक्षसाच्या अंगावरचे खडबडीत उंचवटे अणुबॉम्बमधून वाचलेल्या माणसांच्या केलॉइड म्हणजे जाड, फुगीर व्रणांवरून घेतलेले आहेत. पहिला सूट सुमारे 100 किलोचा होता, आतले नट हारुओ नाकाजिमा यांना धड चालता येत नव्हतं. ती कातडी चिलखतासारखी टणक, पण मुळात ती वाईट रीतीने भरलेली जखम आहे. तिथे हिरवा प्रकाश सोडून सगळं गुळगुळीत केलं असतं तर काय उरलं असतं?

शिवाय चिलखत म्हटलं की उणी जागा आली. मगरीच्या पाठीला कातडीखाली हाडांच्या चकत्या असतात, पोटाला तसं कवच नसतं. खवल्या मांजराचे खवले आपल्या नखांसारख्याच केराटिनचे, पण पोट उघडं, म्हणून ते वेटोळं करतं. या उण्या जागेवर अख्खा शेवट उभा राहतो. वजनाचं गणितही कातडीतच दिसतं: उंची दहापट केली तर कातडीचं क्षेत्रफळ शंभरपट होतं आणि वजन हजारपट. त्यामुळे तुमचा राक्षस सावकाश, जड पावलांनी चालला तरच खरा वाटेल.

आता एक कबूल करायला हवं. 2023 च्या 'गॉडझिला मायनस वन'मध्ये तोंडात सुरुंग फुटून अर्धा चेहरा उडतो आणि डोळ्यांदेखत भरून येतो. मी ते श्वास रोखून बघितलं. पण तिथे आधी जखम पूर्ण दाखवलीय, बोटीवरच्या माणसांना क्षणभर जिंकल्यासारखं वाटतं आणि मग ती आशा जाते. पुढची सगळी योजनाही, बाहेरून मारून उपयोग नाही हे धरूनच आखलेली आहे. म्हणजे भरून येण्याला कथेत परिणाम आहे.

तेव्हा ती शक्ती द्यायचीच असेल तर तिची किंमत आधी ठरवा. ॲक्सोलॉटल या पाण्यात राहणाऱ्या उभयचर प्राण्याला तुटलेला पाय पुन्हा फुटतो, पण त्याला कित्येक आठवडे लागतात आणि नवं मांस खाल्लेल्या अन्नातूनच बनतं. तुमचा राक्षस जखम भरताना काय खातो, किती वेळ निपचित पडतो, नवी कातडी जुनीपेक्षा वेगळ्या रंगाची येते का? निदान व्रण तरी ठेवा. आणि सूट करणाऱ्याला विचारल्याशिवाय एडिटिंगला त्यावर काही चढवू नका.

माझा मित्र हे वाचेलच. त्याच्यासाठी: मूळ चित्रीकरण माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. हिरवा प्रकाश काढून तीच 17 मिनिटं पुन्हा एकदा लोकांसमोर लावू, कधीही सांग.